बारा तास आणि वरचा दीड महिना

गेल्या वर्षी मे महिन्यात नाशिकला भाचीच्या बाळाचं बारसं झालं. उकाडा असा की स्वेटर बाळाच्या अंगात घालायचा प्रश्नच नव्हता. पाळण्याशेजारच्या ताटात मी विणलेला लिंबू रंगाचा स्वेटर, टोपडं आणि मोजे नुसते मांडून ठेवले होते. येणारी प्रत्येक बाई स्वेटर उचलायची. ज्यांना विणकामातलं कळतं त्या आधी उलटी बाजू बघायच्या, बाकीच्या गालाला लावायच्या. आणि मग दोघीही तेच विचारायच्या, "किती वेळ लागला हो?"

हे मला गेली चाळीस वर्षं विचारतात. लोकलमध्ये विचारलं, ऑफिसात विचारलं, सोसायटीच्या हळदीकुंकवाला विचारलं. मी आपली "झालं हळूहळू" म्हणून वेळ मारून नेते. पण बारशाला तुम्ही हात धरून विचारलंत, "नाही, खरंच सांगा." तर आता खरंच सांगते. मी जन्मभर हिशेबखात्यात काम केलंय, त्यामुळे आधी आकडे.

दहा नंबरच्या सुयांवर, चार पदरी लोकरीचे माझ्या हाताने एका इंचात ७ टाके बसतात आणि उभ्या इंचात ९ ओळी. (आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे असतात: नंबर मोठा, सुई बारीक. नवीन शिकणारी हमखास इथे फसते.) बाळ मे महिन्यातलं, म्हणजे थंडी पडेल तेव्हा ते सात महिन्यांचं असणार, म्हणून छाती २० इंच धरली. घेराचे टाके झाले १४०. उंची १० इंच, म्हणजे ९० ओळी. एवढ्यात साडेबारा हजार टाके होतात. दोन बाह्यांचे आणखी पाच हजारांच्या आतबाहेर. गळा-मुंढ्यात घटवलेले वजा केले तरी १७,००० राहतात. माझा वेग मिनिटाला २५ टाके. भागाकार करा, जवळजवळ साडेअकरा तास येतात. बटणं लावायला अर्धा तास. झाले बारा तास.

मी घेतला दीड महिना.

बारा तासांचा हिशेब पटकन झाला. दीड महिन्याचा सांगायचा तर थोडं मागे जावं लागेल.

नोकरी फोर्टमध्ये आणि घर डोंबिवलीला. तीस वर्षं डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल, त्यामुळे बसायला मिळायचं. बायकांच्या डब्यात कुणी मेथी निवडायचं, कुणी पोथी वाचायचं, मी क्रोशे घ्यायची. दोन सुयांचं विणकाम गाडीत करायचं नाही, हा माझा नियम. चौदा इंची सुया शेजारणीच्या बरगडीत जातात हे एक. दुसरं असं, की सुयांवरच्या विणकामात सगळे टाके जिवंत असतात. १४० टाके सुईवर रांगेत उभे असतात आणि धक्क्याने सुई निसटली तर १४० जणांची धावपळ. क्रोशाचं तसं नाही. एक वीतभर आकड्याची सुई आणि तिच्यावर एकच फास. मागचं सगळं बंद होत आलेलं असतं. दादर आलं, उतरणाऱ्यांची रेटारेटी सुरू झाली, की तो फास जरा लांब ओढायचा आणि काम पर्समध्ये कोंबायचं. संध्याकाळी फास खेचून आवळला की पुढे सुरू.

त्या काळात मला वेळ स्टेशनांत सांगता यायचा. साखळीचं कडं करून त्यात बारा खांब, म्हणजे उभे लांब टाके, घातले की मुंब्रा. त्यावर पाकळ्यांचा फेरा ठाण्यापर्यंत. मुक्या, म्हणजे आखूड, खांबांची शेवटची ओळ घाटकोपरला संपायची. म्हणजे एक फूल घाटकोपरचं. पुढे दादरपर्यंत डुलकी. आमच्या घरी जो मोठा टेबलक्लॉथ आहे त्यात १६८ फुलं आहेत. बघणाऱ्याला नक्षी दिसते, मला लोकलचा पास दिसतो.

क्रोशाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि "किती वेळ लागला" विचारणाऱ्यांना ती सांगितलीच पाहिजे. सुयांचं विणकाम यंत्रावर जाऊन चारशेहून जास्त वर्षं झाली. विल्यम ली नावाच्या इंग्लंडातल्या एका पाद्र्याने १५८९ साली मोजे विणायचं यंत्र तयार केलं, आणि आज तुमच्या अंगातला टी-शर्टसुद्धा यंत्रावर विणलेल्या बारीक सुलट टाक्यांचाच असतो. भिंग घेऊन बघा. पण क्रोशाचं खरंखुरं काम करून देणारं यंत्र अजून कारखान्यांत आलेलं नाही. फास कुठूनही ओढायचा, कुठेही वळायचं, मागे जाऊन मधल्याच खांबात सुई घालायची, हे हातालाच जमतं. म्हणजे फुटपाथवर अडीचशे रुपयांना मिळणारी क्रोशाची पिशवी कुणीतरी हातानेच केलेली असते. तशी एक पिशवी आणून मी घड्याळ लावून हुबेहूब करून बघितली. नऊ तास लागले. त्या अडीचशेतून दोरा, दुकानदार, वाहतूक सगळं वजा करा आणि उरलेल्याला नवाने भागा. मी भागलं, आणि ती पिशवी वापरायची मला लाज वाटायला लागली. वापरते, पण लाज वाटते.

आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस करतात. मिशनऱ्यांनी शिकवलेली कला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर केलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसतं ते असं, की लेस परदेशी जायची, व्यापारी पैसेवाले व्हायचे, आणि दिवसाचे कितीतरी तास सुई चालवणाऱ्या त्या बायकांना मात्र सगळे म्हणायचे, या काय, घरीच असतात, रिकाम्या वेळात करतात. 'रिकामा वेळ' हा शब्द आला की माझे कान टवकारतात ते यामुळे. मी स्वतः विकत नाही. विकायचं झालं तर आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या दराने बारा तास धरावे लागतील, आणि तेवढे कुणी देणार नाही. मग फुकट दिलेलं बरं.

असो. आपण स्वेटरवर होतो.

निवृत्त झाले आणि स्टेशनं गेली. आता घरात विणते, गॅलरीजवळच्या खुर्चीत, त्यामुळे सुया आल्या. भाचीला सातवा लागला तेव्हा लोकर आणली. बाळ व्हायच्या आधी काही आणू नये म्हणतात. मी मानत नाही, पण ताई मानते, म्हणून पिशवीवर जुना नॅपकिन टाकून गुपचूप विणत होते. मुलगा की मुलगी ठाऊक नाही म्हणून लिंबू रंग. मेरिनोची खरी लोकर, २५ ग्रॅमचे पाच गुंडे. महाग पडली. खरी लोकरच का, ते पुढे येईल.

पहिले चार दिवस नमुना विणण्यात गेले. चार इंचाचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग टाके मोजायचे. कंटाळवाणं आहे, पण न केल्यास स्वेटर बाळाऐवजी बाळाच्या बापाला होतो. मग पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले. एका रात्री मालिका बघता बघता डाव्या भागातला एक टाका गळला. कळलं दुसऱ्या दिवशी. तोवर तो चौदा ओळी खाली घसरला होता आणि मधोमध एक उभी शिडी तयार झाली होती.

उसवावं लागणार म्हणून नवीन बायका इथे रडकुंडीला येतात. मला मात्र हे काम मनापासून आवडतं. क्रोशाची सुई घ्यायची. अगदी खाली तो सुटलेला फास तोंड उघडून बसलेला असतो. त्यात सुई समोरून घालायची, त्याच्या डोक्यावरची पहिली आडवी पायरी आकड्यात पकडायची आणि फासातून अलगद ओढून घ्यायची. पायरीचा टाका होतो. मग वरची पायरी. श्वास आपोआप धरला जातो. चौदा वेळा केलं की टाका पुन्हा सुईवर, शेजाऱ्यांच्या रांगेत, आणि कुठे गळला होता ते शोधून सापडत नाही. हे सगळं सुलट बाजूने करायचं. उलटीकडून जमत नाही असं नाही, पण गरजच काय? सुलट टाका आणि उलट टाका हे दोन वेगळे टाके नव्हेतच, एकाच फासाच्या दोन बाजू. कापड फिरवलं की झालं. शाळेत शिवणाच्या तासाला बाईंनी हे सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

आणि मग लोकर संपली. मोजे-टोपड्यात अंदाज चुकला, तो माझाच. दुसरी बाही कोपरापर्यंत आलेली. दुकानात जाऊन त्याच रंगाच्या नंबरचे दोन गुंडे आणले, रात्री ट्यूबच्या उजेडात बाही पुरी केली. सकाळी गॅलरीत धरली तर कोपराखालचा भाग हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा. रंगाचा नंबर तोच, पण घाणा, म्हणजे रंगवलेली खेप, वेगळा. पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो, तो बघायचा हे मी दहा जणींना शिकवलंय. चष्मा न लावता दुकानात गेले की असं होतं.

यावर उपाय आहे, पण जिवावर येतो. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत उसवल्या. जी चांगली होती तीही. मग दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, असं आलटूनपालटून दोन्ही बाह्या विणल्या. फरक विरघळून जातो. बारशाला इतक्या जणींनी स्वेटर उलटापालटा करून बघितला, एकीलाही दिसलं नाही. यात बारा दिवस गेले. ते तुमच्या उत्तरात धरायचे की नाही?

आई असती तर हसली असती. ती दर दिवाळीनंतर घरातले सगळे स्वेटर उसवायची. दादाचा मला, माझा आणि ताईचा मिळून बाबांचा बिनबाह्यांचा. मरून रंगाची लोकर होती, ती मी सहा रूपांत पाहिली आहे. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, कोमट पाण्यातून काढायची, चोळायची नाही, आणि खाली वजन बांधून टांगायची. वाळली की सरळ. मग मला समोर बसवायची, दोन्ही हात पुढे, हातांवर लडी. ती गुंडा करायची आणि मी तिच्या लयीत हात डावी-उजवीकडे झुकवत राहायचं. हात भरून यायचे. पण त्या अर्ध्या तासात आई कुठे उठून जायची नाही, एवढं लक्षात आहे.

हे खऱ्या लोकरीलाच जमतं. नंतर कॅशमिलॉन, म्हणजे कृत्रिम लोकर, आलं. स्वस्त, टिकाऊ, रंग तर विचारू नका. त्याच्यावर एकदा मी गरम इस्त्री फिरवली. ताण गेला तो गेलाच, स्वेटर फरशी पुसायच्या फडक्यासारखा लोळायला लागला. तेव्हापासून लहान मुलांचं खऱ्या लोकरीचंच करते, कारण मुलं वाढतात.

बाळ आता दीड वर्षाचं झालंय. गणपतीत मी भाचीला म्हटलं, स्वेटर दे, उसवून मोठा करते. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, तो मी काचेच्या फ्रेममध्ये लावणार होते. पहिला स्वेटर ना त्याचा. तुला किती वेळ लागला असेल!"

मी म्हटलं, बारा तास.

दोघींत चांगलीच जुंपली. शेवटी टोपडं फ्रेममध्ये गेलं आणि स्वेटर माझ्याकडे आला. परवा बटणं काढली, शिवणी सोडवल्या आणि गळ्यापाशी बंद केलेल्या टाक्याचं टोक शोधून ओढलं. सतरा हजार टाके उसवायला दोन तास दहा मिनिटं लागली; या वेळी मुद्दाम मोजली. बाह्यांशी आले तेव्हा दोन पिवळे वेगळे कळायला लागले, म्हणून त्यांच्या दोन लड्या केल्या. एवढ्या लोकरीत दीड वर्षाच्या बाळाचा स्वेटर होत नाही, थोडी कमी पडते. बाकीसाठी पत्र्याची पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात आईच्या त्या मरून लोकरीचा एक गुंडा अजून आहे. वजन केलं, ४२ ग्रॅम. एका ठिकाणी कसर लागली आहे, तेवढं तोडून गाठ मारावी लागेल. जाडीत पिवळीपेक्षा किंचित भरते. छातीवर दोन पट्टे आणि मनगटाच्या पट्ट्या, एवढं निघेल. आधी नमुना विणून बघते.

लड्या सध्या गॅलरीत टांगल्या आहेत, खाली पाण्याच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्या बांधून. ऊन कमी आहे, उद्या संध्याकाळपर्यंत वाळतील. हात रिकामे असले तर या, लडी धरायला कुणीतरी हवंय.