काय आणि मोस्ट

माझे बालपण देगलूरला, म्हणजे तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या शिवेवर असलेल्या नांदेड जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी गेले. तेथील बाजारात तेलुगू बोलणारी एक भाजीवाली वांग्याला ‘वंकाय’, भेंडीला ‘बेंडकाय’ आणि कैरीला ‘मामिडिकाय’ म्हणत असे. ही बाई प्रत्येक भाजीचे नाव घेऊन मलाच का विचारते, हे कोडे मला बरेच दिवस उलगडले नव्हते. तेलुगूत ‘काय’ म्हणजे न पिकलेले फळ, हे पुढे आईने सांगितले. आपल्या ‘काय’च्या भावकीत ‘कोण’, ‘केव्हा’ आणि हिंदीतील ‘क्या’ येतात, तर तेलुगूतील ‘काय’ची भावकी कन्नडमधल्या ‘कायि’शी आहे.

युरोपातील भाषांची पुस्तके चाळताना हाच गोंधळ ‘मोस्ट’ या शब्दाने पुन्हा घातला. रोमन लिपीत त्याची अक्षरे चारच. पण इंग्रजीत त्याचा अर्थ ‘सर्वांत जास्त’, जर्मनमध्ये द्राक्षांचा किंवा इतर फळांचा पिळलेला रस, पोलिश, चेक आणि क्रोएशियनमध्ये ‘पूल’ आणि हंगेरियनमध्ये ‘आत्ता’ असा होतो. (हंगेरियन माणूस ती अक्षरे ‘मोश्त’ अशी वाचतो, त्यामुळे हे साम्य कानापेक्षा डोळ्यांचेच अधिक.) जर्मन शब्द लॅटिनमधील ‘मुस्तुम’, म्हणजे नव्या द्राक्षरसावरून आला, पुलाचा शब्द स्लाव्ह भाषांचा स्वतःचा आहे, आणि हंगेरियन तर इंडो-युरोपीय कुळातलीच नव्हे.

इंग्रजी आणि जर्मन या सख्ख्या भाषा असल्यामुळे त्यांच्यातील ‘मोस्ट’ तरी एकच असतील, असे वाटण्याचा मोह होतो आणि मलाही तो झाला होता. परंतु इंग्रजीतील ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ यांच्यासमोर जर्मनमध्ये ‘मेअर’ आणि ‘माइस्ट’ ही जोडी उभी राहते. म्हणजे इंग्रजी शब्दाचा खरा जर्मन भाऊ ‘माइस्ट’ आहे, आणि तो दिसायला वेगळा आहे.

चेक प्रजासत्ताकाच्या उत्तरेस मोस्ट याच नावाचे एक शहर आहे. जमिनीखालचा कोळसा काढण्यासाठी त्याची जुनी वस्ती पाडण्यात आली आणि १९७५ मध्ये तेथील जुने चर्च रुळांवरून सुमारे ८४१ मीटर सरकवण्यात आले. या शहराचे जर्मन नाव ‘ब्र्युक्स’ असे आहे. रोमन लिपीत या दोन्ही नावांत एकही अक्षर समान नाही, पण जर्मनमध्ये पुलाला ‘ब्र्युके’ म्हणतात आणि ब्र्युक्स हे नाव त्यावरूनच पडले आहे.