फुलराणीचा पत्रा

कॅलिफोर्नियातल्या आर्टेशियाला कढीपत्ता आणायला निघालो होतो. रविवारची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि एका घरापुढच्या उतारावर ती उभी. केशरी रंग, लांबच लांब नाक, मागे आखूड. गाडीच्या काचेआड पाटी : विकणे आहे, १९७१ ची, संपूर्ण नवी केलेली. कढीपत्ता राहिला.

मला घ्यायचं काहीच नसतं, हे आधीच सांगतो. शाळेत होतो तेव्हापासून पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचायची खोड आहे. ‘एकहाती वापर’, ‘लेडीज ड्रिव्हन’, ‘डॉक्टरांची गाडी’. डॉक्टरांची गाडी चांगली का असावी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आमचे डॉक्टर पुण्यातला अख्खा लक्ष्मी रोड क्लचवर पाय ठेवून पार करायचे.

तर ही निसान कंपनीची डॅटसन २४० झेड. इथे कॅलिफोर्नियात सगळे ‘झी’ म्हणतात, माझ्या तोंडी मात्र झेडच येतं. जपानात १९६९ च्या ऑक्टोबरात ती आली ती ‘फेअरलेडी झेड’ या नावाने. निसानचे तेव्हाचे अध्यक्ष कावामाता यांना अमेरिकेतलं ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक फार आवडलं होतं, त्यावरून आधीच्या एका स्पोर्ट्स कारचं बारसं झालं आणि हिने ते नाव पुढे चालवलं. तेच ते, गल्लीतल्या फुलवालीला भाषा शिकवून, घासूनपुसून बड्या लोकांत मिरवायला नेतात ते. आपल्याकडे तिची फुलराणी झाली. म्हणजे ही गाडी नात्याने आपल्या फुलराणीची मावसबहीणच. अमेरिकेत धंदा सांभाळणाऱ्या कातायामांना मात्र हे नाव रुचेना. इथला गडी ‘फेअरलेडी’त बसून ऐटीत कसा फिरणार? म्हणून मागे नुसता आकडा लागला. २४० म्हणजे २.४ लिटरचं इंजिन. ओळीत सहा सिलिंडर, दोन कार्बोरेटर, तोरा थेट जग्वारचा आणि सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. हे कातायामा पुढे १०५ वर्षं जगले. आवडीचं काम मिळालं की माणूस टिकतो बहुतेक.

मालक बाहेर आले. सत्तरीपुढचे, हाताला ग्रीस. न विचारताच बॉनेट उघडलं. या गाडीचं बॉनेट काचेकडून उचललं जातं आणि नाकाकडे कलतं, जणू गाडीने जबडा वासला. आतलं सगळं चकचकीत. खालची जमीन कापून नवीन बसवलीय, बॅटरीखालचा पत्रा नवा, मागच्या चाकांवरच्या कमानी नव्या, असं ते सांगत गेले. ही गाडी गंजायला फार हळवी. त्या काळच्या जपानी पत्र्याला पावसाचं वावडंच होतं.

रंग मात्र इतका नवा होता, की मला उगाच अवघडल्यासारखं झालं. लग्नात ओळखीची मुलगी मेकअपमध्ये समोर आली की होतं, तसं. मग आत डोकावलो. डॅशबोर्ड उन्हाने चिरलेला होता, स्पीडोमीटरच्या वर तीन लांब भेगा. ‘ते तेवढं राहिलंय,’ मालक ओशाळून म्हणाले. मला अख्ख्या गाडीत तेवढंच विश्वासाचं वाटलं.

नव्या रंगाचा हा संशय बाबांकडून आलाय. त्यांच्याकडे एक लोहचुंबक होतं, मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं. ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचे, रंगावर ओरखडा नको म्हणून. नातलगांत कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की बाबांना बोलावणं यायचं. ते गाडीला सावकाश प्रदक्षिणा घालत आणि दर वीतभर अंतरावर रुमाल टेकवत. चिकटला तर पत्रा. सटकला तर लांबी, म्हणजे रंगाखाली भरलेली पुटी. बाकी इंजिन वगैरे कुणी पाहायचं ते पाहो.

१९८६ साली आमची स्वतःची फियाट विकायची वेळ आली. बाबांच्या बँकेमुळे ती सहा वर्षं रत्नागिरीत होती आणि खाऱ्या वाऱ्याने दारांच्या खालच्या कडा पापडासारख्या झाल्या होत्या. नवे पत्रे परवडणारे नव्हते. मग लांबी भरली, वॉटर पेपरने घासली, वर रंग. आठवडाभर घरात थिनरचा वास. गाडी दृष्ट लागेल अशी दिसत होती.

गिऱ्हाईक बार्शीचं. त्यांनी चाकांना लाथा मारल्या, हॉर्न वाजवला, चहा घेतला, आणि साडेतेवीस हजारांना हो म्हणून पैसे मोजायला काढले. बाबा दाराशी उभे, एक हात खिशात. तो हात खिशात नुसता चाळवत होता. मला माहीत होतं तिथे काय आहे. आईलाही. ती डोळ्यांनी ‘नको’ म्हणत होती. बाबांनी रुमाल काढला, त्या गृहस्थांना खाली नेलं, दारापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘इथे लागत नाही बघा. इथेही नाही.’

दीड हजार कमी आले. आई दोन दिवस बोलली नाही.

आता ही कंपनी बघा. १९९६ मध्ये अमेरिकेत नवी झेड विकायची थांबवली, आणि लगेच जुन्या २४० झेड शोधून आणून, नव्यासारख्या करून, स्वतःच्याच शोरूममध्ये पंचवीस हजार डॉलरच्या आसपास विकायला काढल्या. आपलीच मुलगी परत आणून तिचं दुसऱ्यांदा लग्न लावलं. त्या वेळी दारापाशी उकिडवं कोण बसलं असेल, असा विचार माझ्या मनात येतो. तसं चांगलंच केलं असणार त्यांनी काम. पण येतो.

रात्री आठला फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ, बाबांचा दुसरा चहा.

‘डॅटसन? ती शेखर मेहताची ना?’ त्यांना आठवलं. १९७३ ची सफारी रॅली. युगांडात जन्मलेला आपल्या वंशाचा माणूस हीच गाडी आफ्रिकेच्या चिखलातून पळवून पहिला आला होता. ‘तेव्हा पेपरात फोटो होता,’ बाबा म्हणाले. मग किंमत विचारली. मी सांगितली. बराच वेळ नुसता बशीचा आवाज.

‘पत्रा पाहिलास का?’

‘तुम्हाला फोटो पाठवतो.’

‘फोटोला काय चिकटतंय,’ बाबा म्हणाले, आणि कढीपत्त्याशिवाय कढी कशी झाली ते विचारलं.