तुम्ही विचारलंत म्हणून: डेंटलसाठी कोणते कोर्स घेतले?

इथे अमेरिकेत मला डेंटल स्कूलला, म्हणजे दंतवैद्यकाच्या कॉलेजात, प्रवेश मिळाल्यापासून गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, कोणाच्या तरी ग्रॅज्युएशन पार्टीत, नाहीतर रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर, प्रश्न ठरलेला असतो. ‘तुझा जीपीए कमी होता ना? मग सायन्सचे कोणते कोर्स घेऊन वर काढलास? आमच्या मुलीला जरा नावं लिहून दे.’

नावं देते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग आणि मायक्रोबायॉलॉजी. नंतर स्टेट युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री, हिस्टॉलॉजी (मायक्रोस्कोपखाली ऊतींचा अभ्यास), इम्युनॉलॉजी आणि जेनेटिक्स. पण ही यादी खिशात घालून घरी गेलात तर तुमच्या मुलीच्या पदरात काहीही पडणार नाही. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी समोरचा म्हणतो, ‘हो, ते आलं लक्षात, पण नावं दे.’ म्हणून आता एकदा सगळं लिहून काढतेय.

आधी हिशोब करू, कारण तो कोणीच करत नाही. पदवीची १२० क्रेडिट्स झाली आहेत आणि जीपीए, म्हणजे चारपैकी ग्रेड्सची सरासरी (ए म्हणजे ४), २.९ आहे असं धरा. पदवीनंतर आणखी ३० क्रेडिट्स घेतली, म्हणजे पूर्ण एक वर्ष, आणि प्रत्येक कोर्समध्ये ए मिळवला. एकही बी नाही. तरी जीपीए होतो ३.१२. फक्त सायन्सचा धरला, ५० क्रेडिट्सवर २.७, तर तीच ३० क्रेडिट्स त्याला ३.१९ पर्यंत नेतात. डेंटल स्कूलला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी साडेतीनच्या वर असते. म्हणजे वर्षभर राबून, हजारो डॉलर फी भरून, तुम्ही सरासरीच्या खालीच राहता. हा आकडा कागदावर मांडला तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग हे करायचं कशाला?’ तुमच्या सगळ्यांच्या प्रश्नांपेक्षा तो प्रश्न बरोबर होता.

लगेच पुढचा सल्ला येतो: जुनेच कोर्स परत घे, म्हणजे सी पुसला जाईल. नाही पुसला जात. कॉलेज स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, जुन्या ग्रेडच्या जागी नवी धरत असेल, पण अर्ज जातो ॲडसॅस या सामायिक सेवेतून, आणि तिथे पहिला सी आणि दुसऱ्या वेळचा ए दोन्ही मोजले जातात. ज्या ज्या कॉलेजात एक कोर्स जरी घेतला असेल, त्या प्रत्येकाचं ट्रान्सक्रिप्ट द्यावं लागतं. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचा जीपीए ते वेगळा काढतात, त्यामुळे सायकॉलॉजीतला ए तिथे कामाला येत नाही.

नाशिकहून मामी फोनवर वेगळंच विचारते. बारावीनंतर नीट देऊन तिथेच बीडीएस केलं असतं तर चार वर्षं आणि एक इंटर्नशिप, एव्हाना दवाखाना नसता का निघाला? निघाला असता, मामी. पण इथे प्रॅक्टिस करायची तर त्या बीडीएसवर पुन्हा इथली बोर्डाची परीक्षा आणि बाहेरून शिकून आलेल्या डेंटिस्टसाठीचा दोन-तीन वर्षांचा अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगचा कोर्स, आणि त्या जागांसाठीही हीच झुंबड. शिवाय आम्ही इकडे आलो तेव्हा मी अकरावीत होते. कॉलेजची पहिली दोन वर्षं कशी गेली हे घरच्यांना ठाऊक आहे, ते इथे उगाळत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री वनमध्ये सी, ऑरगॅनिक टूमध्ये सी प्लस. बाकीचं तुम्ही ऐकलेलंच आहे.

पदवी झाल्यावर मी एका डेंटिस्टकडे असिस्टंट म्हणून लागले आणि दर सेमिस्टरला एक किंवा दोन कोर्स घेत गेले. कम्युनिटी कॉलेज निवडलं कारण ते कितीतरी स्वस्त होतं, संध्याकाळचे वर्ग होते, आणि एकदा पदवी हातात आली की फीसाठीची सरकारी मदत, पेल ग्रँट, मिळत नाही. फी माझ्या पगारातून जात होती. सगळ्या कोर्सेसमध्ये ए आले. मला वाटलं, हे बघून कोणीही म्हणेल की ही मुलगी बदलली आहे. अर्ज केला आणि एकाही ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही.

आता त्यानंतरच्या एका फोनबद्दल सांगते, कारण माझं खरं उत्तर तिथेच आहे. काही शाळा, म्हणजे डेंटल स्कूल्स, नकार दिल्यावर, विनंती केली तर, अर्जात काय कमी पडलं ते सांगतात. एका शाळेने वेळ दिली. माझी जेवणाची सुट्टी होती, क्लिनिकमध्ये बोलायला जागा नव्हती, म्हणून मी पार्किंगमध्ये गाडीत बसले. मांडीवर अपॉइंटमेंटचा जुना कागद उलटा करून ठेवलेला, लिहून घ्यायला. पलीकडचे गृहस्थ अतिशय सभ्यपणे बोलत होते. त्यांनी माझं ट्रान्सक्रिप्ट एकेक ओळ करत वाचायला सुरुवात केली. पहिलं सेमिस्टर, कोर्सचं नाव, ग्रेड. पुढचं सेमिस्टर. स्वतःच्या ग्रेड्स दुसऱ्याच्या तोंडून अशा एकामागून एक ऐकणं फार कठीण असतं. ऑरगॅनिकच्या ओळीवर ते थांबले नाहीत, सरळ पुढे गेले, आणि मी उगाच श्वास धरून बसले होते.

पदवीनंतरच्या कोर्सेसपाशी आल्यावर ते म्हणाले, ‘इथे सगळे ए आहेत, ते मला दिसतायत. पण तुम्ही एका वेळी एक किंवा दोन कोर्स घेतलेत. आमच्याकडे पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटमी, बायोकेमिस्ट्री, हिस्टॉलॉजी आणि प्रीक्लिनिकल लॅब हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. ते तुम्हाला पेलेल असं सांगणारी एकही ओळ मला या कागदावर सापडत नाही.’

मी म्हटलं, मी पूर्ण वेळ नोकरी करत होते.

‘नोकरीचे तास तुम्ही लिहिलेत,’ ते म्हणाले. ‘पण ती नोकरी करून त्यातूनच फी भरत होता, म्हणून दोनच कोर्स घेतलेत, हे कुठे लिहिलंय?’

कुठेच नव्हतं. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं. आपल्या घरात पैशाची अडचण बाहेर सांगायची नाही, असंच मी वाढले. पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, मी दात, हसू, आजीची कवळी असलं सगळं लिहिलं आणि ही एक गोष्ट गिळून टाकली.

मग मी विचारलं, ऑरगॅनिक परत घेऊ का? ते म्हणाले, ‘आमच्याकडे सी चालतो. त्यापेक्षा पुढचं काहीतरी घ्या, चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत, आणि एकत्र घ्या. पण हे आमच्या शाळेपुरतं. दुसरीकडे तुम्हाला याच्या उलटही सांगतील.’ फोन संपला तेव्हा सुट्टीही संपत आली होती. दीडच्या पेशंटचं फिलिंग होतं. मी आत जाऊन सक्शन धरून उभी राहिले, आणि डॉक्टरांनी दोनदा मागितल्यावर क्युरिंग लाइट हातात दिला.

त्या गृहस्थांचं बरोबर होतं का? घरी येऊन मी चिडले होते आणि त्या चिडण्यात तथ्य होतं असं मला आजही वाटतं. ज्या मुलीच्या घरून फी येते ती चार कोर्स एकत्र घेऊ शकते, कारण तिला संध्याकाळी कुठे जायचं नसतं. आठवड्याला चाळीस तास उभं राहून दोन कोर्समध्ये ए आणणं हे कमी ओझं आहे असं म्हणणाऱ्याने ते एकदा करून बघावं. पण त्या वेळची मी आज समोर बसली तर तिला एक विचारीन: नोकरी नसती तर तू चार घेतले असतेस? आणि ती पटकन ‘हो’ म्हणणार नाही. पुन्हा एखादा सी आला तर सगळं संपलं, ही धास्ती तेव्हा मनात होतीच. पैसा हे खरं कारण होतं, भीतीही खरी होती, आणि दोन्हींचा वाटा किती हे मी अजून वेगळं करू शकलेले नाही.

पुढच्या ऑगस्टपासून मी नोकरी फक्त शनिवारची ठेवली आणि चार कोर्स एकत्र घेतले. फी बाबांनी भरली. त्यासाठी त्यांनी काय मोडलं हे मला आईकडून नंतर कळलं, आणि त्यावर मी इथे लिहिणार नाही.

त्या सेमिस्टरला बायोकेममध्ये बी आला. दोन-दोन करत घेतलं असतं तर कदाचित ए आला असता. म्हणजे आकडा वाढवायचा एवढंच ध्येय असतं तर हा निर्णय तोट्याचाच. पण हिस्टॉलॉजीबद्दल मात्र मी कोणाशीही भांडायला तयार आहे. तिथे एकदा दाताची स्लाइड आली. मायक्रोस्कोपखाली मधोमध पल्प, म्हणजे दाताचा मऊ गाभा, त्याच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या, डेंटिन तयार करणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशी, मग डेंटिनचा गुलाबी पट्टा, आणि त्याच्या वर काहीच नाही, नुसती कोरी जागा. मी फोकस खालीवर केला, स्लाइड सरकवली. मग टीएने, म्हणजे शिकवायला मदत करणाऱ्या असिस्टंटने, सांगितलं की कापता यावं म्हणून दात आधी आम्लात ठेवून मऊ करतात, आणि इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, वजनाने ९६ टक्के खनिज असल्यामुळे ते त्यात विरघळूनच जातं. क्लिनिकमध्ये रोज हँडपीसखाली जे इनॅमल मी बघत होते ते इथे नव्हतं, आणि का नव्हतं हे मला समजलं होतं. त्या रात्री मी पुढचं प्रकरण कोणी न सांगता वाचलं. पदवीच्या सबंध वर्षांत असं झालं नव्हतं. डेंटल स्कूलच्या पहिल्या वर्षी तीच स्लाइड पुन्हा समोर आली तेव्हा वर्गातले बरेच जण फोकस खालीवर करत होते.

म्हणून कोणी अगदी हट्टच धरला तर मी हिस्टॉलॉजी सांगते. पण तोही माझा अनुभव. तुमच्या मुलीची अडचण वेगळी असू शकते. कोणाच्या पहिल्या वर्षाच्या ग्रेड्स वाईट आणि नंतर चढत गेलेल्या असतात, तिला कदाचित काहीच घ्यायची गरज नसते. कोणाच्या शेवटी घसरलेल्या असतात, तिला ती घसरण थांबली हे दाखवावं लागतं. कोणाला प्री-रिक्विझिटमध्येच, म्हणजे प्रवेशासाठी सक्तीच्या कोर्समध्येच, डी असतो, तिला तो कोर्स परत घेण्यावाचून गत्यंतर नाही. ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्याच्या मनात कुठली शंका येते ते आधी ओळखायचं आणि त्या शंकेचं उत्तर म्हणून कोर्स निवडायचा. जीपीए पॉइंट दोनने वर गेला तर गेला.

आणि तरीही, याच कोर्सेसमुळे मला प्रवेश मिळाला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याच वर्षी मी डॅट, म्हणजे डेंटल स्कूलची प्रवेश परीक्षा, पुन्हा दिली. त्यात ऑरगॅनिकचे ३० प्रश्न असतात आणि तो स्कोअर चांगला आला. अर्ज या वेळी जूनमध्येच पाठवला, पहिल्यांदा तो सप्टेंबरात गेला होता आणि तोवर मुलाखतीच्या बऱ्याच जागा भरत आलेल्या असतात. नोकरीचं आणि फीचं या वेळी स्पष्ट लिहिलं. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी बरोबर त्या चार कोर्सच्या सेमिस्टरवर बोट ठेवलं. दुसऱ्या ठिकाणी कोर्सचं नावही कोणी काढलं नाही, सगळा वेळ क्लिनिकमधल्या पेशंटबद्दल विचारलं. दोन्हीकडून होकार आला. यातून काय निष्कर्ष काढायचा तो तुम्ही काढा, मला अजून जमलेलं नाही. ऑरगॅनिकचंही तसंच. मी ते परत घेतलं नाही आणि निभावलं, पण माझ्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने दोन्ही भाग परत घेतले आणि तिला तेच उपयोगी पडलं असं ती ठामपणे म्हणते. तिचं खोटं आहे असं मी कसं म्हणू?

तेव्हा काका, मावशी, नावांची यादी वर दिली आहे. पण कृपा करून मुलीच्या वतीने मला विचारू नका. तिला स्वतःला फोन करू दे. सोबत ट्रान्सक्रिप्ट घेऊन बसायला सांगा, पहिल्या सेमिस्टरपासूनचं, न लपवता, आणि फी कोण भरणार आहे हेही तिला माहीत असू दे. रविवारी दुपारी मी मोकळी असते.