तिन्हींतले आठ जण परत का मिळवायचे?

संचांची गणितं शिकवतो म्हटल्यावर मला एक प्रश्न हमखास येतो: दोन-दोन गटांतले सामाईक लोक वजा केले, मग तिन्ही गटांतले परत का मिळवायचे? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, १०० जणांपैकी ५० जणांना गाणं येतं, ४० जणांना चित्रकला, ३० जणांना नाच. गाणं आणि चित्रकला येणारे २०, चित्रकला आणि नाच १२, गाणं आणि नाच १५; तिन्ही येणारे ८. यांतलं काहीच न येणारे किती?

त्या आठांतली एकच व्यक्ती धरा. ५०, ४० आणि ३० यांची बेरीज केली तेव्हा ती तीनदा मोजली गेली. २०, १२ आणि १५ वजा केले तेव्हा तिन्ही वेळा तीही गेली. मोजणी शून्यावर आली, आणि बाई तर समोर उभी! म्हणून ८ मिळवायचे. १२० उणे ४७ अधिक ८, म्हणजे ८१. काहीच न येणारे १९.

तीन गटांपर्यंत मी स्वतः मात्र सूत्राच्या वाटेला जात नाही. वेन चित्र काढतो, म्हणजे प्रत्येक गटासाठी एक अशी एकमेकांवर चढलेली वर्तुळं, आणि मधोमध, जिथे तिन्ही एकत्र येतात तिथे, ८ लिहूनच सुरुवात करतो. मग गाणं-चित्रकलेच्या पाकळीत, म्हणजे फक्त त्या दोन वर्तुळांच्या सामाईक भागात, २० नव्हे, १२. बाकीच्या दोन पाकळ्यांत ४ आणि ७. गाण्याच्या वर्तुळात उरले २३. बहुतेकांचं गणित या पाकळीतच फसतं, कारण ‘दोन्ही येणारे’ आणि ‘फक्त ही दोनच येणारे’ यांतला फरक घाईत वाचताना निसटतो. प्रश्नात ‘फक्त’ असतं, तर पाकळीत थेट २०च गेले असते. एखाद्या पाकळीत उणे संख्या आली, तर खोडाखोड करण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा.

चार गट आले की वर्तुळं हात टेकतात. प्रत्येक गटात असणं किंवा नसणं, असे २ × २ × २ × २ म्हणजे १६ भाग हवेत. चार वर्तुळांतून, बाहेरची जागा धरूनही, जास्तीत जास्त १४ मिळतात. ही चित्रं ज्याच्या नावाने ओळखली जातात, त्या खुद्द जॉन वेनने १८८० मध्ये त्यासाठी लंबवर्तुळं वापरली. ती नीट काढणं माझ्या हाताला जमत नाही, तेव्हा तिथे मीही सूत्रच वापरतो: एकेकटे गट मिळवा, जोड्या वजा, तिकडी मिळवा, चौकडी वजा. चारही गटांतल्या व्यक्तीची मोजणी ४ उणे ६ अधिक ४ उणे १, म्हणजे बरोबर एकदा.