'मादाम दुबारी'च्या मराठी पाट्या: तिसरा आठवडा

एर्न्स्ट लुबिचचा जर्मन मूकपट 'मादाम दुबारी' (१९१९) अजून हातावेगळा झालेला नाही; त्यातल्या संवादांच्या पाट्यांची मराठी सबटायटल्स करतेय. खटल्याच्या प्रसंगाशी गाडं अडलंय.

आधी माझा घोळ सांगते. सबटायटल्सच्या सगळ्या वेळा सेकंदाला १८ फ्रेम्सच्या प्रतीवर लावल्या आणि तपासायला उघडली २०ची. साठाव्या मिनिटाचं दृश्य तिथे चोपन्नाव्यालाच येऊन गेलं होतं. सगळ्या वेळांना ०.९ने गुणलं, जागेवर आल्या. एक संध्याकाळ मात्र गेली.

खरा छळ तू-तुम्हीचा. जर्मनमध्ये जवळिकीचं 'डू' आणि आदराचं 'झी'. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. झान, म्हणजे पुढची मादाम दुबारी (पोला नेग्री), टोप्यांच्या दुकानातली पोर, प्रियकर आर्माँशी तिचं सरळ तू-तू. पंधराव्या लुईला सुरुवातीला 'आपण'. पण एमिल यानिंग्सचा हा राजा पुढे तिची नखं कोरत बसतो! तिथे 'महाराज, आपण' वाचून मलाच हसू फुटलं, म्हणून तिथून 'तुम्ही'. मंत्री शोआझलचं मात्र अखेरपर्यंत 'आपण'. त्याला राजाजवळ स्वतःची बहीण बसवायची होती, आणि मान देत अपमान करायला मराठी फार सोयीची. लुईच्या आजाराला अर्थात 'देवी', 'स्मॉलपॉक्स' खोडलं.

मग क्रांती. आर्माँ न्यायासनावर, झान आरोपी. १७९३ मध्ये सगळ्यांनी एकमेकांना 'तू'च म्हणावं असा क्रांतिकारकांचा आग्रह होता. म्हणजे न्यायालयातला 'तू' समतेचा, आणि नंतर तो तिला सोडवायला कोठडीत येतो तेव्हाचा 'तू' दुकानाच्या दिवसांतला. अक्षर एकच. शिवाय मराठी प्रेक्षकाला पहिला 'तू' नुसता उर्मट वाटणार. तीन खर्डे फाडले. सध्या न्यायालयात 'नागरिक दुबारी, तू…' आणि कोठडीत सर्वनामच नाही, फक्त 'झान, चल.' दुसरं जमलंय. पहिलं अजून सरकारी नोटिशीसारखं वाटतं.

(जून १९१९मध्ये व्हर्सायचा तह झाला आणि १८ सप्टेंबरला बर्लिनचं उफा-पालास्त चित्रगृह उघडलं ते व्हर्सायच्याच दरबाराच्या या गोष्टीने. फ्रेंचांना काय वाटलं असेल!)

शेवटी तिचं मुंडकं गर्दीत भिरकावलं जातं, तो शॉट काही प्रतींत नाही. माझ्या प्रतीत आहे. तिथे पाटी नाही, पण वेळ तपासायला तो चार वेळा बघावा लागला.