पाण्याच्या वेळेने चालणारी होडी : आमची वाटचाल

होडीच्या धंद्यात येण्याआधी मी गोव्यात खनिज वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे मोठ्या मालवाहू नावेवर, खलाशी होतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा पट्टा साचला की बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत आणि तिथून मुरगाव बंदराला जायच्या. सुमारे १५ किलोमीटरचा हा कालवा त्या फेऱ्यांनी मला पाठ झाला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि नोकरी गेली. वडिलांची जुनी होडी दुरुस्त केली, कॅप्टन ऑफ पोर्ट्सचा, म्हणजे बंदर खात्याचा, परवाना काढला आणि पुढच्या हिवाळ्यात याच कालव्यावरच्या बाणस्तारीच्या पुलाजवळून पर्यटकांना मगरी दाखवायची पहिली फेरी काढली.

पहिल्या मोसमात रोज सकाळी दहाला निघायचो, आणि तिथेच चुकत होतो. मगर, आमच्याकडचा मानगे, ओहोटीला चिखल उघडा पडला की ऊन खायला काठावर येतो. भरतीत नुसते पाणी दिसते. लोक नाराज होऊन परतत. त्यात एकदा माझा अंदाज चुकला आणि पुण्याहून आलेल्या कुटुंबासकट होडी गाळात रुतली. दीड तास काही करता येईना. मी माफी मागत सुटलो तेव्हा त्यांच्यातल्या आजी म्हणाल्या, "अरे बाळा, बस की जरा शांत." बसलो. इंजिन बंद होते. थोड्या वेळाने खारफुटीच्या मुळांतून दोन पाणमांजरे बाहेर आली, चिखलावर निवट्या मासळ्या उड्या मारू लागल्या, आणि समोरचा ओंडका म्हणून आम्ही जो पाहत होतो त्याने जबडा उघडला. इतकी वर्षे या कालव्यात फिरून मी हे पाहिले नव्हते, कारण माझ्या इंजिनाचा आवाज माझ्या आधी पोचायचा.

तेव्हापासून आमचे वेळापत्रक तिथीवर ठरते. अष्टमीच्या आसपास ओहोटी अकरा-बाराला येते, रोज पाऊण तासाने सरकते. जिथे मानगे असतात तिथे आम्ही इंजिन बंद करून वल्ही घेतो. पणजीतल्या एका एजंटाने कोंबडीचे तुकडे टाकून मगरी जवळ आणायला सांगितले होते. मी नकार दिला आणि त्या मोसमातले त्याचे सगळे बुकिंग गेले. आमच्याकडची गावडा समाजाची मंडळी पौष अमावास्येला मातीचा मानगे घडवून पूजतात, बांध आणि शेत राखावे म्हणून. त्याच जनावराचा तमाशा माझ्या होडीतून व्हावा हे मला पटणारे नव्हते.

गावचा थांबा खाजन शेतीचा. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध आणि त्यातली 'मानस', म्हणजे लाकडी दारे. भरतीच्या जोराने ती आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात. शहरातली मुले इथे सगळ्यात जास्त वेळ रमतात. खारट जमिनीत तगणाऱ्या कोरगुट भाताची पेज आणि खतखते, म्हणजे मिश्र भाज्यांचे कालवण, माझी पत्नी करते, कारण येणाऱ्यांत कुलदैवताला निघालेली कुटुंबे बरीच असतात आणि त्यांना त्या दिवशी मासळी चालत नाही.

या कुटुंबांसाठी हा कालवा सहलीपेक्षा मोठा आहे. तिसवाडी, म्हणजे पणजीकडचा तालुका, पोर्तुगीजांकडे गेल्यावर देव पाण्यावरून पलीकडे न्यावे लागले. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडण बेटाचा, मये गावामार्गे माशेलला आला. होडीत हे सांगितले की मोठी माणसे पाण्यात हात बुडवून नमस्कार करतात. गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्यात दोन होड्या जोडून सांगोड बांधतात आणि त्यावरून गणपती निघतो. त्या दिवशी आमची होडीही मिरवणुकीत असते, फेरी बंद.

आज आमच्या दोन होड्या आहेत, प्रत्येकी बारा माणसांच्या. तिसरी घ्या असे बरेच जण सुचवतात. पण एका ओहोटीत, एका काठापुढे दोनच होड्या शांत उभ्या राहू शकतात. मुलगा यंदापासून वल्ही मारतो. काल त्याने पंचांग उघडून मला स्वतःच सांगितले, "बाबा, सोमवारी सप्तमी. साडेआठला निघूया."