बंडूची मान, खारी हवा आणि ब्रुअरी

मंडळी, बंडूची, म्हणजे माझ्या टेडी अस्वलाची, मान नीट बसली! हाताने फिरवली की जिथे सोडावी तिथेच थांबते. म्हणून लगेच लिहायला घेतलं.

गोव्याची सहल ठरल्याप्रमाणे झाली. गुहागरहून चिपळूणला येऊन मांडवी एक्सप्रेस पकडली. बंडू आणि माझी छोटी टेडी ठमी खिडकीत. कारबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात काचेत दोघांची प्रतिबिंबं इतकी स्वच्छ उमटली की तो फोटो मी मोठा करून लावणार आहे.

ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, दारातच अडवलं. "वहिनी, लव उडते, असं आत नेता येणार नाही." मग दोघांना पारदर्शक झिप पिशवीत घातलं आणि ते आनंदाने तयार झाले. पुढच्यांनी पिशवी घरूनच न्या. दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) साधारण ६५ अंशांच्या पाण्यात मुरवतात, तेव्हा स्टार्चची साखर होते. त्या टाकीजवळचा गोडसर वास अजून आठवतो. उरलेला चोथा गुरांना जातो, हे ऐकून फार बरं वाटलं.

लागरच्या (थंडीत मुरवलेल्या बिअरच्या) थंडगार खोलीतून बाहेर आलो आणि टाक्यांसमोर फोटो काढताना बंडूचं डोकं छातीवर पडलं. पिशवीत, माझ्या हातात. काळजात चर्र झालं.

घरी येऊन पाठीची शिवण उसवली. मानेची स्प्लिट पिन (डोकं आणि धडातल्या चकत्या एकत्र धरणारी) गंजून वळणावर तुटली होती आणि हार्डबोर्डची चकती भोकाशी फुगून पापुद्र्यांसारखी सुटली होती. म्हणजे ब्रुअरीचा दोष नाही. आमच्याकडे दिवसभर खारे वारे. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि साधं लोखंड आतल्या आत खातं. ऑनलाइन किटमधल्या पिना बहुतेकदा साध्या लोखंडाच्याच असतात. किनाऱ्यावरच्यांनी त्या घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत झालंय.

चकत्या मी पॉलिथिनच्या चॉपिंग बोर्डातून कापल्या. फुगत नाहीत, भोक स्वच्छ पडतं. पिनेऐवजी स्टेनलेसचा बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). इथे खरी डोकेदुखी सुरू झाली. बोल्टचं डोकं बंडूच्या शिवलेल्या डोक्यात, धरायला जागाच नाही. नायलॉक आवळायला गेलं की सगळा बोल्टच गरगर फिरायचा. डिंक लावला, सुटला. चकतीत षटकोनी खाच कोरली, तीही घसरली. मानेची गोळा केलेली शिवण परत उसवावी असं मनात आलं होतं, पण तिथलं मोहेर (बंडूचं केसाळ कापड) आधीच विरळ आहे.

शेवटी बोल्टच्या दुसऱ्या टोकाला हॅक्सॉने आडवी खाच पाडली. नटावर रिंग पाना, पान्याच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर त्या खाचेत. बोल्ट जागचा हलला नाही आणि नट सरसर बसला! खाच पाडल्यावर कड कानशीने जरूर घासा, नाहीतर नटातलं नायलॉन कापलं जातं. बोल्टही नटाबाहेर येईल इतका लांब हवा.

गळ्याजवळचा तांबूस डाग लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या काडीने बराच उतरला, मग साध्या पाण्याने टिपून घेतला. क्लोरीन ब्लीच मात्र मुळीच नको. मोहेर म्हणजे अंगोरा बकऱ्यांचे केस, प्रथिनाचा धागा, तो त्यात नासतो. पाठ मी अजून शिवलेली नाही. रात्री मतलई वारे सुटतात, आतलं वुड वूल (लाकडाच्या बारीक तारांचं भरण) तोवर सुकू दे.

खरं तर फक्त मान करून थांबणार होते. पण आता पाठ उघडीच आहे, तर हातापायांच्या पिनाही काढते. आणि हे लिहितानाच सुचलं: ठमी छोटी आहे, तिचं डोकं हलकं, तिला धातू हवाच कशाला? नायलॉनचे बोल्ट-नट टाकले तर गंजाचा प्रश्नच संपेल. आधी ठमीवर करून बघते, बंडूचे पाय त्यानंतर.

बंडूसाठी मात्र ३१६ ग्रेडचं स्टेनलेसच हवं. त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा टिकतं. आमच्याकडे दुकानात 'एसएस' म्हणून जे हातात ठेवतात त्यावर ग्रेडच नसतो, आणि लोहचुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे होड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे पाच मिलिमीटरचे आखूड ३१६ बोल्ट कुणाला मिळाले असतील तर दुकान सांगा, मी स्वतः येऊन घेईन.